रखमाजीचा अडकित्ता

डावा गुडघा कामातून गेला म्हणून रजनीनं क्लच नसलेली लहान गाडी घेतली. त्याला आठ दिवस झाले होते आणि आठही दिवस मार्तंडरावांनी बायकोला सुखानं दोन घास खाऊ दिले नव्हते.

"गावात ठीक आहे गं. हायवेवर ओव्हरटेक करताना ही तुझी बाहुली विचार करत बसेल. उतारावर गिअर गाडी धरतो, ही काय धरणार?"

नवऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण क्लच दाबायला डॉक्टरांनी बंदी घातलेली, एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या, आणि भोकरदनला एकटे राहणारे तिचे वडील अण्णासाहेब जालन्याला यायचं नाव काढत नव्हते. गाडी सोडली असती तर म्हाताऱ्याकडे जाणंच सुटलं असतं. शोरूममधल्या माणसानं ताकीद दिली होती, "मॅडम, डावा पाय आत ओढून ठेवा. त्याला आता काही काम नाही." ऐकून तिला उगीचच वाईट वाटलं होतं.

त्या डिसेंबरातल्या एका दुपारी भोकरदनहून फोन आला. अण्णासाहेबांचं घर सांभाळणाऱ्या द्वारकाबाई रडवेल्या झाल्या होत्या. "ताई, जल्दी या. साहेबाला धाप लागून राह्यली. डॉक्टर म्हनले, आजच्या आज जालन्याला न्या." मार्तंडराव नेमके नांदेडला गेलेले. रजनीनं किल्ली उचलली.

रस्ता तिच्या ओळखीचा होता. जालना जिल्हा नवा झाला त्या साली ती याच रस्त्यावर गाडी शिकली होती. अण्णासाहेब तेव्हा रोज भोकरदनहून येऊन जालन्याच्या कोर्टात वकिली करायचे आणि त्यांची अँबॅसिडर रखमाजी चालवायचा. उंच, काटकुळा, एका जागी बसला की तासन् तास हलायचा नाही. साहेबांना घरी पोचवल्याशिवाय तो जेवत नसे. साहेबांची मुलगी शिकायला बसली तेव्हा रखमाजीची पंचाईत झाली. मालकाच्या लेकीचा हात धरून गिअर कसा दाखवायचा? मग त्यानं सुपारीचा अडकित्ता काढला. डावीकडे बसून तो डॅशबोर्डवर वाजवायचा. एकदा टक, म्हणजे पुढचा गिअर. टक टक, म्हणजे खालचा. चुकलं की तोंडानं एक शब्द नाही, फक्त अडकित्ता जोरात. रजनीचे पाय त्या आवाजावर आपोआप हलायला लागले होते. लग्न ठरल्यावर रखमाजी तिला म्हणाला होता, "ताई, तुमाला आता कुनाची गरज न्हाई. बिलकुल न्हाई." नव्वद साली तो आपल्या घरात, आपल्या बाजेवर, शांतपणे गेला. आठवण आली की रजनीला अजूनही गलबलून यायचं.

नवी गाडी मात्र मऊ चालत होती. हात रिकामा, पाय रिकामा. राजूर मागं पडलं, उजेड मावळतीला लागला, रस्त्यावर धूळ आणि धूर एक होऊन खाली बसला. पुढचा उतार सुरू झाला तशी गाडी स्वतःच्या ओझ्यानं पळू लागली. काचा बंद असूनही आत एक वास आला. तंबाखू, कात आणि जुन्या रेक्झिनचा.

टक टक.

नव्या गाडीचं प्लास्टिक वाजलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

टक टक! या वेळी जोरात, अगदी रागानं.

रजनीला विचार करायची उसंतच मिळाली नाही. आत ओढून ठेवलेला डावा पाय उसळला आणि क्लच समजून त्यानं ब्रेकच दाबला, सगळ्या ताकदीनिशी. गुडघ्यातून कळ गेली, गाडी जागच्या जागी थांबली. समोर, बॉनेटपासून हातभर अंतरावर, कापसानं भरलेली ट्रॉली आडवी उभी होती. ना दिवा, ना माणूस.

तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. भीती होती, पण त्याहून जास्त माया होती. "रखमाजी..." ती हळूच म्हणाली. डावीकडची सीट रिकामी होती.

भोकरदनला द्वारकाबाईंनी अण्णासाहेबांना धरून आणलं. रजनीनं पुढचं दार उघडलं तर ते तिथंच अडले.

"मला मागं बसव. पुढं तो बसलाय ना."

"कोण, अण्णा?"

ते मागच्या सीटवर, पूर्वी कोर्टातून येताना बसायचे तसे, टोपी मांडीवर घेऊन बसले.

परतीच्या वाटेवर काळोख झाला होता. अण्णासाहेब धापा टाकत कुणाशी तरी हळूहळू बोलत होते, जुन्या पक्षकारांची नावं घेत होते, मधेच हसत होते. राजूर आलं तशी डावीकडून टक टक सुरू झाली. रजनीनं वेग कमी केला. पुढं काहीच नव्हतं, रस्ता मोकळा होता. पुन्हा टक टक. आणखी हळू. जालन्याचे दिवे दिसू लागले तसा अडकित्ता थांबेना.

"रखमाजी, ही पोर मला कुठं नेतेय रे?" अण्णासाहेब पुटपुटले. "घर मागं राहिलं..."

मग रजनीला एकदम उमगलं. साहेबांना घरी पोचवल्याशिवाय तो जेवत नसे.

"नाही, रखमाजी," ती दात आवळून म्हणाली. "आज नाही." डावा पाय आत ओढून तिनं उजव्या पायानं रेस दाबली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या आवाजाचं ऐकलं नाही.

दवाखान्याच्या दारात आया चतुराबाई स्ट्रेचर घेऊन आली. अण्णासाहेबांना आत नेलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. रजनी भिंतीला टेकून रडली.

तेवढ्यात चतुराबाई गाडीतून टोपी घेऊन आली. "ताई, ही मागं राह्यल्ती. आन् ते गाडीत पुढं बसलेले बाबा आत येत न्हाईत का? म्या इचारलं त्यास्नी."

"...काय म्हणाले?"

"म्हनले, म्या हितंच बसतो. साहेबाला घरी न्यायचंय."

अण्णासाहेब त्या दुखण्यातून उठले. रजनीनं त्यांना दवाखान्यातून रिक्षानं आपल्या घरी आणलं आणि तिथंच ठेवून घेतलं. गाडी अंगणात कव्हर घालून उभी आहे. हायवेला घाबरली, असं मार्तंडराव चारचौघांत हसून सांगतात. ती सांगू देते.

वडील समोर आहेत, चहा पितात, पेपर वाचतात, यातच तिला सगळं मिळालं आहे. फक्त दिवेलागणीला ते खिडकीशी जातात, टोपी घालतात आणि शांतपणे विचारतात, "मला भोकरदनला कधी सोडतेस? तो बाहेर उपाशी बसलाय गं..."

रजनी खिडकी लावून घेते. पण लावता लावता अंगणातून, कव्हराखालून, आवाज येतोच. एकदाच.

टक.