खोलीचं माप

दिवा जरा पुढे घे, ताई, म्हणजे तुझा चेहरा दिसेल मला. सांगते सगळं. तूच म्हणतेस ना, हल्ली ही गप्प गप्प का असते म्हणून?

काम तसं साधंच होतं. एका वहिनींचा फोन आला. ओळखीच्या नव्हत्या, कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला होता त्यांना. म्हणाल्या, "घरी होम थिएटर आहे, त्याला बाहेरचे अ‍ॅम्प्लिफायर जोडायचेत. सासरे मागे लागलेत. तुम्ही करता ना असली कामं?"

मी म्हटलं, "रोजचंच आहे."

आणि खरंच रोजचंच. रिसीव्हरच्या, म्हणजे होम थिएटरच्या मुख्य डब्याच्या, पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, पण तो बिचारा सगळ्या स्पीकरांचं ओझं एकटा वाहतो. त्याचा आवाज कुणाला पुरेनासा झाला की रिसीव्हरच्या पाठीवरून बारीक वायरी काढायच्या, त्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायच्या आणि स्पीकर त्याला जोडायचे. म्हणजे अक्कल रिसीव्हरची आणि ताकद बाहेरच्याची. चहा गार व्हायच्या आत होणारं काम.

दुपारी गेले. आभाळ भरलेलं होतं, उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. घर गल्लीच्या शेवटी. वहिनींनी दार उघडलं, हाताला कणीक लागलेली तशीच. मला थेट मागच्या खोलीत घेऊन गेल्या. खोली लहानशी. खिडक्यांवर जाड काळे पडदे, खाली जाड गालिचा, पुढच्या भिंतीवर पडदा, मधोमध एक कोच. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा सगळा आवाज कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवला असं वाटलं.

कोचावर त्यांचे सासरे, काका, बसले होते. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, मान एका बाजूला किंचित कललेली. दृष्टी गेलेल्या माणसांची असते तशी.

"पोरी, ह्याचा आवाज डबीतला आहे बघ," त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवातच केली. "माणूस बोलतो ते डबीत बसून बोलतोय असं वाटतं. आमच्या हॉलमध्ये आवाज यायच्या आधी जागा ऐकू यायची."

वहिनींनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. काका जन्मभर एका थेटरात ऑपरेटर होते, वर मशीनच्या खोलीत. आणि सासूबाई त्याच थेटरात डोअरकीपर. हातात बॅटरी घेऊन उशिरा आलेल्यांना जागा दाखवायच्या. नवरा वर अंधारात, बायको खाली अंधारात, असा संसार. सासूबाई गेल्या, काकांचे डोळे गेले आणि मग थेटरही पाडलं. पाडताना मालकांनी जुन्या नोकरांना विचारलं, आठवण म्हणून काय हवं? "सगळ्यांनी खुर्च्या मागितल्या," वहिनी म्हणाल्या, "आणि यांनी ही धुडं मागून आणली."

मागच्या भिंतीशी दोन काळ्या लोखंडी पेट्या होत्या. थेटरातले अ‍ॅम्प्लिफायर. एकेक उचलायला दोन माणसं लागावीत. मी गुडघ्यावर बसले, झाकणं काढली, धूळ झटकली, गंजलेली टोकं घासून चकचकीत केली. जुना माल, पण काय सांगू ताई, आतलं काम असं की बघत राहावं. जोडले. रिसीव्हरपासून मागच्या भिंतीपर्यंत गालिच्याखालून वायर नेली आणि बटण दाबलं.

एरवी जुनं यंत्र चालू केलं की स्पीकर घुमतो, भुंग्यासारखा. इथे काहीच नाही. मी स्पीकरला कान लावला. घूंऽऽ नाही, खरखर नाही. पण शांतताही नव्हती ती. विहिरीच्या काठावर वाकून कान दिला की कसं वाटतं, खाली खूप मोकळं काहीतरी आहे असं, तसं होतं.

पेट्या तापल्या तसा वास सुटला. आधी जळक्या धुळीचा, मग दुसराच. जुन्या मखमलीचा, ओल्या छत्र्यांचा, कुणाच्या तरी पावडरचा. मी वहिनींकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत नुसत्याच उभ्या होत्या.

आता शेवटचं काम उरलं. रिसीव्हरसोबत एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीला ठेवायचा. मग रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून टक्-टक् आवाज सोडतो, माइक ऐकतो, आणि कुठला स्पीकर किती लांब आहे ते यंत्र स्वतःच काढतं. थोडक्यात, खोलीचं माप घेतं. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं असतं.

मी माइक लावला आणि माप सुरू केलं. पडद्यावर अक्षरं आली: खोलीत आवाज फार आहे, कृपया शांतता ठेवा.

"पंखा," मी म्हटलं. वहिनींनी पंखा बंद केला. पुन्हा तेच. त्या जाऊन फ्रिज बंद करून आल्या. पुन्हा तेच. खोलीत इतकं शांत की वहिनींच्या बांगड्या सरकल्या तरी ऐकू याव्यात, आणि यंत्र म्हणतंय शांतता ठेवा.

तेव्हा काका हळूच म्हणाले, "लोक बसतायत अजून. जरा थांब."

वहिनी कसनुसं हसल्या. "बाबा, काहीतरीच काय..."

"अगं, थांबा म्हटलं ना."

आम्ही थांबलो. का थांबलो, कुणास ठाऊक. काकांची मान कललेली. ओठांवर हलकं हसू, आपल्या घरच्या लग्नात पाहुणे येताना दाराशी उभ्या असलेल्या माणसासारखं. बऱ्याच वेळाने त्यांनी हात वर केला. "हं. आता घे."

मी बटण दाबलं. यंत्राने मुकाट्याने माप घेतलं.

आकडे पाहिले आणि मला वाटलं माइक बिघडला. पुढचा स्पीकर कोचापासून आठ फुटांवर. यंत्र म्हणत होतं सत्तर. मागचे तर त्याहून लांब. ताई, मधे कुठे आवाज रेंगाळला तर यंत्र फसतं, स्पीकर लांब आहे असं त्याला वाटतं. पण या जुन्या पेट्यांत आवाज रेंगाळायला जागाच नाही. इकडून आला की तिकडून गेला. मी वायर बदलली, तेच. पेट्या बाजूला ठेवून रिसीव्हरच्याच ताकदीवर माप घेतलं, तर बरोब्बर आठ फूट. पुन्हा पेट्या जोडल्या... सत्तर.

"राहू द्यायचं का आज?" वहिनी कुजबुजल्या.

"लाव गं काहीतरी," काका म्हणाले. "छोटासा तुकडा लाव. मला ऐकू दे."

म्हातारा माणूस इतक्या आशेने बोलतो तेव्हा नाही कसं म्हणायचं? मी दिवा मालवला आणि हाताला आला तो जुना सिनेमा लावला. आवाज कमीच ठेवला.

पहिला शब्द आला, आणि खोली गेली.

म्हणजे भिंती कोसळल्या वगैरे नाही. डोळ्यांना अंधार तेवढाच होता. पण तो शब्द पुढे कुठेतरी उंचावर उमटला, आमच्या डोक्यांवरून गेला, मागे खूप लांब जाऊन कशाला तरी टेकला आणि मऊ होऊन परत आला. छान वाटलं गं. खोटं कशाला बोलू? झोप लागता लागता आई कुणाशी तरी बोलतेय असं ऐकू यायचं ना आपल्याला, तसं वाटलं. माझे खांदे सैल पडले.

मग मागे कुणीतरी खोकलं.

एक खुर्ची करकरली. कुणीतरी कुणाला तरी "श्श..." केलं. सिनेमातलं नव्हतं ते. सिनेमा समोर चालू होता. हे पाठीमागे होतं, जिथे भिंत आणि त्या दोन पेट्या होत्या.

वहिनींनी माझं मनगट धरलं. "ते... ते बघा."

गालिच्यावर एक फिकट पिवळा गोल पडला होता. बशीएवढा. हळूहळू पुढे आला, कोचाच्या पायाशी थांबला आणि काकांच्या चपलांवर दोनदा हलला, इकडे या, इकडे, असं दाखवतात तसा.

काकांना उजेड दिसत नाही, ताई. तरी ते म्हणाले, "हो हो. आलो." आणि उठून त्या गोलामागे चालू लागले.

कोचापासून मागची भिंत म्हणजे चार पावलं. काका चालतच राहिले. आधी गालिच्यावर त्यांच्या चपलांचा आवाज येत नव्हता, मग फरशीवर वाजू लागला. मग चढण चढताना वाजावा तसा. पांढरा शर्ट लहान होत गेला आणि दिसेनासा झाला.

"बाबा!" वहिनी ओरडल्या. पण आवाज त्यांच्या तोंडापाशीच पडला. खोली लहानच होती ना आमच्यासाठी. "बंद करा! अहो, बंद करा ते!"

रिसीव्हरच्या बटणावर माझं बोट होतं. पण दाबवेना. हे बंद झालं तर तो हॉल जाणार. आणि काका तर हॉलमध्ये होते.

"वहिनी, ते आत आहेत... बंद कसं करू?"

त्यांच्या लक्षात आलं. डोकं ठिकाणावर होतं बाईचं. "मग आवाज द्या कसला तरी," त्या म्हणाल्या. "रोज मी स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवते, त्या रोखाने येतात ते जेवायला. पुढून आवाज द्या!"

रिसीव्हरमध्ये एकेक स्पीकर तपासायचा आवाज असतो, समुद्रासारखा, शूऽऽ असा. मी पुढच्या स्पीकरवर तो लावला. त्यासरशी सिनेमा तुटला. आणि अंधारात एकदम गलका झाला. पाय आपटल्याचा, खुर्च्या बडवल्याचा. लांब वरून कुणीतरी शीळ घातली. सिनेमा मधेच बंद पडला की पब्लिक करतं ना, अगदी तसाच. किती माणसं असतील, मला नाही सांगता येणार. मी वहिनींना धरलं, त्यांनी मला.

त्या गलक्यातून चपलांचा आवाज आला. घाईघाईचा. चढण उतरून फरशीवर, फरशीवरून गालिच्यावर. काका आले ते धापा टाकत, चिडलेले.

"पिक्चर तुटलं? कोण आहे मशीनवर?"

वहिनींनी धावत जाऊन त्यांना मिठी मारली. सासऱ्यांना अशी मिठी त्यांनी जन्मात मारली नसेल. त्यांना कोचावर बसवलं. काकांचे हात गार होते. जरा वेळाने त्यांचा राग उतरला.

"भेटली," ते म्हणाले. "मला म्हणाली, हाउसफुल आहे, तुम्ही पुढच्या खेळाला या." आणि लहान मुलासारखे हसले. वहिनी मात्र हमसून हमसून रडल्या.

आता पेट्या बंद करायच्या होत्या. त्यांची बटणं त्यांच्यावरच, मागच्या भिंतीशी. म्हणजे मलाच जावं लागणार होतं. गेले. चार पावलं होती, पण मला ती फार लांब वाटली. मधे एकदा पाय अडखळला आणि मी कशावर तरी टेकले. मऊ होतं, मखमलीचं. क्षणभरच. मग उठले, चाचपडत पेट्यांपर्यंत पोचले, एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. स्पीकरची शूऽऽ खूप लांबून विझत आली.

स्पीकर पुन्हा रिसीव्हरला जोडले. माप घेतलं, आठ फूट. पेट्या आम्ही दोघींनी ओढत अडगळीच्या खोलीत नेल्या, वायरी काढून. निघताना मी "येते काका" म्हटलं. त्यांनी मान कलती करून माझी पावलं ऐकली.

पुढे आठवडाभर काही नाही. मी कामं केली, जेवले, झोपले. मग परवा संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"बाबा बरे आहेत," त्या म्हणाल्या. "जेवतात, झोपतात. पण रोज त्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहतात. कुणाला वाट द्यावी तसे अंग चोरून. मी विचारलं तर म्हणाले, खेळ सुटलाय, माणसं बाहेर पडतायत." मग म्हणाल्या, "आज म्हणाले, सगळे गेले, एकजण राहिलंय. म्हटलं कोण? तर म्हणाले... ती वायरवाली मुलगी."

मी हसायचा प्रयत्न केला. "अहो, मी घरी आहे. तुमच्याशी बोलतेय. सांगा त्यांना, मी त्याच दिवशी बाहेर आले म्हणून."

त्यांनी सांगितलं. पलीकडे पुटपुटणं ऐकू आलं. 

"वहिनी?"

"ते म्हणतात..." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ते म्हणतात, बाहेर गेली ती ही नव्हे. तिचं पाऊल वेगळं होतं."

फोन ठेवायला हवा होता मी. नाही ठेवला. माझ्याच तोंडून शब्द गेले, "मग आत आहे ती... काय करतेय, विचारा."

वहिनींनी विचारलं. काका या वेळी स्पष्ट बोलले, मला थेट ऐकू आलं.

"मधल्या रांगेत बसलीय पोर. सारखी मागे वळून दाराकडे बघतेय."