जोडावरची रेघ

सोनाराचा मुलगा तपासणी कचेरीत पहिल्यांदा आला तो वडिलांची कंबर धरली म्हणून. वडील पुढे खडखडीत बरे झाले, पण दागिने तपासायला आणायचं काम काही याने सोडलं नाही. कारण खिडकीच्या आत कसोटीबाई बसायची. हे तिचं बाजारातलं टोपणनाव हं. बाई कसली, चांगली पंचविशीतली मुलगी! दागिना काळ्या दगडावर घासायचा, उमटलेल्या रेघेवर ॲसिडचा थेंब सोडायचा. रेघ टिकली तर सोनं चोख, विरली तर हिणकस. तिचं बोलणं मोजकं, नजर करडी. हा मात्र खिडकीला रेलून गप्पा मारायचा – आणि तिला ते आवडायला लागलं होतं. आता असलं काही कुणाला सांगता येतं का?

त्या दिवशी बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्याने एकच अंगठी पुढे सरकवली.

"एवढीच?"

"एवढीच. पण... खास आहे."

तिच्या मनात आलं, याचं ठरलं की काय कुठे? विचारायचा धीर होईना. त्याच तंद्रीत तिने अंगठी घासली, थेंब सोडला – आणि रेघ विरली.

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. हिणकस सोनं म्हणजे दुकानाचा परवाना जाणार, वडिलांनी जन्मभर कमावलेलं नाव जाणार. आणि त्याहून वाईट म्हणजे, हा माणूसच खोटा निघणार. शेजारच्या टेबलावरून तिचे वरिष्ठ, सगळ्यांचे काका, चष्म्यावरून बघू लागले. तिने कसंबसं सांगितलं, कसाला उतरत नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, पण नजर काही त्याने चुकवली नाही.

"पुन्हा बघा," तो म्हणाला. "मी खोटं काम करत नाही."

तिने भिंग डोळ्याला लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अंगठीला बारीकसा जोड होता. जोड द्यायला हलकं सोनं वापरतात, म्हणून आधी जोड शोधायचा आणि तिथे चुकूनही घासायचं नाही, हे ती पहिल्याच दिवशी शिकलेली. आणि आज नेमकं तिथेच घासलं होतं! तिने दुसऱ्या बाजूने रेघ ओढली, थेंब सोडला. रेघ जशीच्या तशी. तिचा जीव भांड्यात पडला.

"चूक माझीच. पण नव्या अंगठीला जोड कशाला?"

तो कान खाजवू लागला. "अंदाजाने केली होती... मागच्या खेपेला तुम्ही हातमोजा काढलात, तेव्हा कळलं, बोट जरा मोठं आहे. मग कापून वाढवली."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने अंगठी उचलली आणि काकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"काका, ही तुम्हीच तपासा. मला नाही चालणार."

"का गं? आता तर उतरली ना?"

"तुम्हीच शिकवलंत ना," ती हळूच हातमोजा काढत म्हणाली, "घरच्यांची वस्तू आपण तपासायची नाही..."