शेगडीजवळची हाक

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्यानं पुढं वाचू नये, मला वाद घालायचा नाही.

तारीख २८ डिसेंबर २०१८. गाव लातूर, औसा रोडच्या आतली एक गल्ली, दुसरा मजला. वेळ रात्री बाराची वगैरे नाही. पहाटे पाचची.

मी शिवकांता. आम्ही कंधारचे. लेक वर्षाराणी बारावीला होती, डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावला होता. लातूरला पोरांच्या मागं आया पण जातात, भांडीकुंडी घेऊन. दोन वर्षं एका खोलीत काढतात. मी पण गेले. आमचे हे कंधारला दुकान सांभाळत होते.

एक आधीच सांगते. माझा स्वभाव संशयी आहे. आमचे हे म्हणतात, दारात देव आला तरी तू आधार कार्ड मागशील. मागेन. त्यात काय चुकलं?

त्या वर्षी थंडी लई पडली होती. वर्षा पहाटे चारला अभ्यासाला बसायची. बोटं आखडून तिला पेन धरता यायचं नाही. मी इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला. शेगडी गॅलरीत पेटवायची, निखारे लाल झाले की आत आणून तिच्या पायाशी ठेवायची.

तीन-चार दिवस बरे गेले.

पाचव्या दिवशी... दाराबाहेरून हाक आली.

म्हाताऱ्या बाईचा आवाज. एकच शब्द, लांबवून. मग गप्प.

कुणीतरी ओ द्यायची वाट बघत होतं.

थोड्या वेळानं परत तोच शब्द.

मराठी नव्हता तो. माझं माहेर देगलूर. मला कानडी कळते, तेलुगू कळते. हा शब्द त्यातलाही नव्हता.

मी दार उघडलं. गॅलरी रिकामी. जिन्यात कुणी नाही. आणि पावलांचा आवाज... तो तर आलाच नव्हता.

"आई, कोण होतं गं?"

"कुणी न्हाई. तू वाच."

माझा पहिला संशय घरमालकावर गेला. गुलाम रसूल चाचा खालीच राहायचे. साठीचे, मवाळ बोलायचे. मवाळ बोलणाऱ्याचा मला आधी संशय येतो.

त्याच दिवशी सकाळी ते स्वतःहून वर आले.

"बाई, खोलीत कोयला ठेवून राहिले का तुम्ही?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वास आला."

लाल झालेल्या निखाऱ्याला कसला आलाय वास. आणि तोही दोन मजले खाली? मी तसं तोंडावर बोलून दाखवलं.

"आत नका ठेवू. मेहरबानी करा. आन् हाक आली तर... ओ द्या कायतरी."

बघा. हाकेचं मी त्यांना काहीच बोलले नव्हते.

मग माझं मत पक्कं झालं. यांना खोली रिकामी करून पाहिजे, आणि कुठलीतरी म्हातारी पढवून ठेवली आहे.

पुढं मी एक गोष्ट ताडली. शेगडी बाहेर असली की हाक यायची नाही. आत आणली की अर्ध्या तासानं यायचीच. म्हणजे आमच्यावर कुणीतरी पाळत ठेवून होतं.

एका पहाटे मी हातात लाटणं घेऊन जिन्यात बसले. आज हिला धरायचीच. वर्षा आत शेगडीजवळ होती. माझ्यासमोरून कुणीही गेलं नाही.

आणि हाक आली...

माझ्या पाठीमागून. आमच्याच दारातून. मी वळून बघितलं तर दार जसं लोटलं होतं तसंच होतं.

वर्षाचं अभ्यासातलं लक्ष उडालं. सराव परीक्षेत मार्क घसरले. खरी परीक्षा चार महिन्यांवर होती. दोन वर्षं मी संसार सोडून त्या खोलीत काढली ती काय असल्या थेरांसाठी? माझं डोकं फिरलं.

२८ तारखेला मी खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबलं. दाराखाली गोधडी दाबून बसवली. आतून कडी घातली. म्हणलं, आता ओरड किती ओरडायचं ते.

शेगडी नेहमीपेक्षा जास्त भरली होती.

हाक आली नाही. मी खूश झाले. भिंतीला टेकून बसले. डोकं जरा जड वाटत होतं, जागरणानं असेल.

वर्षाची मान पुस्तकावर गेली. दमली असेल पोरगी, पाच मिनिटं झोपू दे म्हणलं.

आणि मग...

हाक आली. खोलीच्या आत. माझ्या कानाशी.

मी उठायला गेले. पाय माझे नव्हतेच. वर्षाला हाक मारायला गेले, जीभ वळेना. वर्षा हलत नव्हती.

परत हाक. आता घाईची. त्या आवाजात राग नव्हता, जीव टांगणीला लागला होता. लेकरू दिसेना झालं की बाईमाणूस तशी हाक मारतं.

आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

ओ दिली मी. त्याच बोलीत.

पण आवाज... माझा नव्हता. पाच-सहा वर्षांच्या लेकराचा होता, बारीक, झोपेतला.

मग सगळं शांत झालं.

मग फरशीवरून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला. मी डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करत होते. वर्षाची खुर्ची रिकामी होती.

मी सरपटत दारापर्यंत गेले. गोधडी ओढून काढली. कडी कशीबशी सरकवली.

वर्षा बाहेर गॅलरीत पडली होती. उताणी. दोन्ही हात डोक्याच्या वर गेलेले, पायाला धरून ओढलेल्या माणसाचे जातात तसे. मी तिच्या गालावर मारलं. तिला उलटी झाली, मग ती रडायला लागली. ते रडणं ऐकून मला किती बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही.

तिच्या दोन्ही घोट्यांवर बोटं उमटली होती. कोळशाची, काळी.

गोधडी जागेवर होती. कडी आतून होती. दोन्ही मी माझ्या हातानं काढलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू. दिसत नाही, वासही नसतो. मुलगी आधी बाहेर पडली म्हणून वाचली, अजून दहा मिनिटं राहिली असती तर अवघड होतं. ती बाहेर कशी पडली, ते मी त्यांना सांगितलं नाही.

गुलाम रसूल चाचा दवाखान्यात आले. बाकड्यावर माझ्या शेजारी बसले आणि न विचारता बोलायला लागले.

"त्र्याण्णवचा भूकंप झाला ना बाई, त्या हिवाळ्यात हिथं मोकळा प्लॉट होता, आमचा. घिसाड्याचं, फिरत्या लोहारांचं, एक घर ठेवलं होतं आम्ही. गावंच्या गावं नवी बांधायची होती, पहारी-टिकाव पुरत नव्हते. दिवसभर भट्टी चालायची त्यांची. रातच्याला पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचे. पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत न्हाई म्हणून."

"मग?"

"थंडी लई. उरलेले निखारे घमेल्यात घालून आत घ्यायचे. पण त्या लोकायला कोयला माहीत होता. म्हातारी साखराबाई दाराशी बसायची आन् घडीघडीला त्यांच्या बोलीत हाक मारायची. सगळ्यानं ओ द्यायची. ज्यानं दिली न्हाई त्याला पाय धरून बाहेर ओढायचं. असं पिढ्यान् पिढ्या चालत होतं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नातवंडं शाळेत जायला लागली होती. बाकीची पोरं त्या बोलीला हसायची. मग ह्यायनं ओ द्यायचंच सोडलं. आजी हाक मारायची, नातवंडं मुद्दाम गप्प. त्या रात्री पण गप्प राहिली. आजीला वाटलं रोजच्यासारखं. लेक तेवढा हूं म्हणला. तिचाबी डोळा लागला."

सकाळी शेडमधून तिघांना बाहेर काढलं. लेक आणि दोन नातवंडं. साखराबाई पुढं दहा वर्षं जगली. रोज पहाटे त्या प्लॉटवर येऊन हाक मारायची.

"तुम्ही आधी का सांगितलं न्हाई?" मी म्हणाले.

"खोली कुणी घेतली असती?" ते म्हणाले. काहीतरी लपवत होते हा माझा संशय अगदीच खोटा नव्हता तर.

आम्ही खोली सोडली. वर्षा आज नांदेडला डॉक्टरकी शिकते, ठणठणीत आहे. इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं.

पण चाचांनी सांगितलं होतं की त्या गेलेल्या पोरांची आई जिवंत आहे. सिंधु. त्या रात्री ती बाळंतपणाला माहेरी होती. आता कंधारच्या बाजारात विळे-खुरपी विकायला बसते. मी तिच्याकडून कितीदा खुरपं घेतलं होतं.

मी गेले. सगळं सांगितलं.

ती बराच वेळ हातातलं खुरपं पुसत राहिली.

"सासू गेल्यापास्नं आमची बोली मी कुणाच्या तोंडून ऐकली न्हाई," ती म्हणाली. "धाकटा तवा पोटात होता, त्याला येत न्हाई. माझ्या बी ध्यानात न्हाई राहिली. ती ओ... एकदा म्हनता का, ताई?"

मी प्रयत्न केला. खरंच केला. तोंड उघडलं, शब्द आलाच नाही.

मग तिनं माझा हात धरला.

"आवाज पोराचा होता, का पोरीचा?"

इतक्या लहान लेकराच्या आवाजात कुठं कळतं? मला कळलं नव्हतं. पण ती ज्या नजरेनं बघत होती...

"दोघांचा," मी म्हणाले.

ती तिथंच, भर बाजारात, पदर तोंडाला लावून रडली. बरं वाटलं तिला. मला नाही.

कारण मी खोटं बोलले होते. ओ एकाच लेकराची होती.

दुसऱ्याची अजून यायची आहे.

त्या खोलीत आता उमरीची एक बाई राहते, लेकीला घेऊन. मी तिला जाऊन सगळं सांगितलं. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला खोली पाहिजे का?"

परवापासून लातूरला परत थंडी पडली आहे. वर हाक येते का, हे चाचांना विचारायला मी दोनदा मोबाईल हातात घेतला आणि ठेवून दिला.