फळी नको, हात दे

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, माझी काही तक्रार नाही. ही माझ्या मावसबहिणीची गोष्ट, तिचं नाव पूर्वी. तिच्या तोंडून मी ती दोनदाच ऐकली. तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पंधरा डिसेंबर २०२४. रविवार. दत्तजयंतीचा दुसरा दिवस.

जागा पनवेलची खाडी. आणि वेळ रात्रीची नाही... लख्ख उन्हाची.

माझ्या या बहिणीचा नवरा निकेश विचुंबे गावचा. त्याने हौसेने इंजिनाची होडी घेतली आणि तेव्हापासून पठ्ठ्या जमिनीवर कमीच दिसायचा. दोन दिवसांची सहल ठरली. शनिवारी बेलपाड्याहून निघायचं, उरणच्या बाजूला मुक्काम, रविवारी परत. होडीवर चौघंच. निकेश, पूर्वी, तिचा धाकटा भाऊ हितेश आणि होडी चालवायला बेलपाड्याचे काशिरामकाका.

शनिवार मजेत गेला. स्टोव्हवर कोळंबीचं कालवण झालं. पूर्वीला होडी लागली, तिने दोनदा ओकून दाखवलं आणि हितेशने त्याचा व्हिडिओ काढला. तिने त्याला वल्हं घेऊन मारायची धमकी दिली.

हितेश एकोणीस वर्षांचा. आई गेल्यावर पूर्वीनेच त्याला वाढवलं होतं. तिचा सगळा जीव त्या पोरात.

रविवारी परतताना माशी शिंकली.

हितेशने हट्टाने होडी चालवायला घेतली आणि काका ओरडत असताना खाडीच्या एका अरुंद फाट्यात घातली. ओहोटी लागलेली. इंजिनाच्या पंख्याने चिखल ओरबाडला. इंजिन गचके खाऊन बंद पडलं.

होडी रुतली.

निकेशचं डोकं फिरलं. त्याने हितेशच्या थोबाडीत अशी लगावली की पोराचा ओठ फुटला. पूर्वी मध्ये पडली तेव्हा तिलाही धक्का बसला. हितेशने ओठ पुसला. पुढच्या टोकाला गेला, ताडपत्री डोक्यावरून ओढली आणि आडवा झाला.

"आता रातचे नऊ वाजेपरन पानी नाय," काका म्हणाले.

"उतरून ढकलू या ना," निकेश म्हणाला.

"उतरायचा नाव काडू नको. यो चिखल गल्यापरन घेतं. आनि आयका... कुनी रुतला त त्याला हात द्यायचा नाय. फली द्यायची. हात दिला का दोगं जातान."

होडीत त्यासाठीच एक लांब फळी ठेवलेली होती.

पाणी हळूहळू निघून गेलं. चारी बाजूंना काळा चिखल उघडा पडला. त्यावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे ते बोटाएवढे मासे, टणाटण उड्या मारत होते. खेकडे फिरत होते. सगळीकडे बारीक चुटचुट आवाज.

साडेचारच्या सुमारास तो आवाज थांबला.

एकदम.

पूर्वीने बघितलं... एकही निवटी नाही. एकही खेकडा नाही.

आणि मग...

"ताई..."

होडीपासून दहा-बारा फुटांवर हितेश होता. छातीपर्यंत चिखलात. उजवा हात वर केलेला.

"ताई, हात दे."

पूर्वी किंचाळली. रागाच्या भरात पोरगं उतरलं, असंच तिला वाटलं. ताडपत्रीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

काकांनी फळी सरकवली. ती थेट त्याच्या छातीला जाऊन टेकली.

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"फळी नको. हात दे."

काकांचा चेहरा उतरला. "मागं हो, पोरी. रुतलेला मानूस फली दातानं पन धरतं. यो नको बोलतं..."

पण ऐकणार कोण? पूर्वी फळीवर पालथी पडून सरपटत गेली आणि तिने हात दिला.

पंजा तिच्या मनगटावर बसला. बर्फासारखा थंड.

तो वर येत नव्हता.

तिला खाली ओढत होता.

निकेशने होडीच्या काठावरून वाकून तिचे पाय धरले. तो एकीकडे ओढतोय, चिखल दुसरीकडे. पूर्वीचा खांदा कट्कन निखळला. तोंड चिखलात गेलं. नाकात, घशात चिखल. मान वर केली की समोर हितेशचा चेहरा, पापणीही न हलवता तिच्याकडे बघणारा.

"ताई... हात दे."

हात तर दिलेलाच होता.

तिचं डोकं पुन्हा खाली गेलं. वर आलं तेव्हा ती ओरडली...

"मारा! काका, मारा! तोडा तो हात!"

काकांनी होडीतलं लांब वल्हं उचललं आणि घातलं. मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आला. पकड तशीच. दुसरा घाव. कातडी फाटून हाड बाहेर आलं, पण रक्त नाही. तिसरा घाव...

पंजा सुटला.

तो चेहरा तिच्याकडे बघत बघत खाली गेला. वर खड्डासुद्धा उरला नाही.

आणि त्याच क्षणी मागून किंकाळी आली.

ताडपत्री फेकून हितेश उठून बसला होता. कपडे कोरडे. फुटक्या ओठावर रक्त वाळलेलं. आणि उजवं मनगट... तीन ठिकाणी मोडलेलं. हाड बाहेर. त्याचं मात्र रक्त वाहत होतं.

काकांनी फोन केल्यावर बेलपाड्याहून दोन होड्या आल्या. फळ्यांवरून त्याला ओढत मुख्य पाण्यात नेलं. दवाखान्यात सगळ्यांनी एकच सांगितलं, झोपेत वल्हं हातावर पडलं. हितेशलाही तेच सांगितलं. त्याला काही आठवत नव्हतं. खरं त्याला कधी कळू द्यायचं नाही, अशी तिघांनी शपथ घेतली.

काशिरामकाका त्यानंतर खाडीत उतरले नाहीत. होडी बेलपाड्याला पालथी पडून आहे.

यंदा नारळी पौर्णिमेला पूर्वी राखी बांधायला माहेरी गेली. हितेशने उजवा हात पुढे केला. मनगट वाकडं जुळलंय, आत धातूची पट्टी आहे. ती गाठ मारत होती तेव्हा तो अगदी हळू म्हणाला,

"ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"तू 'तोडा तो हात' म्हणालीस... तेव्हा तुला तो मीच वाटत होतो ना?"

पूर्वीच्या हातून राखी खाली पडली.

निकेश आईची शपथ घेऊन सांगतो, मी बोललो नाही. काकांची आणि हितेशची त्यानंतर भेटच नाही. मग त्याला कुणी सांगितलं?

ते सांगताना पूर्वी माझ्यासमोर ढसाढसा रडली. म्हणाली, "मला तो हितेशच वाटत होता रे. तरी मी म्हणाले."

आता भाऊबीज तोंडावर आली आहे. त्याच्यासमोर एकटीने बसवत नाही म्हणून ती मला सोबत बोलावते आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.