बंदूक चालते, खोबरं चालत नाही

मंगरूळपीरच्या स्टँडवर जीप सुटायची वेळ झाली, म्हणजे जीपमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. तेवढ्यात एक मुलगी आली आणि लखनला म्हणाली, "सरका थोडं. दोघं हाओत."

लखनने तिच्या मागे पाहिलं. दुसरं कोणीच नव्हतं. तिच्या हातात एक लांबलचक काळी पेटी होती. तिने आधी पेटी बसवली आणि मग उरलेल्या चतकोर जागेत स्वतः बसली. पेटीचं एक टोक लखनच्या गुडघ्यावर आलं.

"काय हाय वं पेटीत? सतार?" समोरच्या म्हातारीने विचारलं.

"बंदूक," मुलगी म्हणाली.

सगळी जीप हसली. म्हातारी तर इतकी हसली की तिची चंची मांडीवरून खाली पडली. एकटा लखन हसला नाही. तो नागपूरच्या विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर प्रवाशांचं सामान घ्यायचा. अशा पेट्या त्याने पाहिल्या होत्या. त्यातून आजवर एकदाही सतार निघाली नव्हती.

"खरंच बंदूक हाय का?" त्याने हळूच विचारलं.

"रायफल हाय. शूटिंग खेळतो मी."

"आन... गोळ्या?"

तिने पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे हनुवटीने खूण केली. "त्या शेवयाच्या डब्यात."

"मंग शेवया कुठी?"

"वरून शेवया, खालून गोळ्या. दिसू नये म्हनून."

लखनने पिशवीपासून पाय मागे घेतले. बाहेर तुरीच्या पिवळ्या फुलांवर दुपार पसरली होती, खिडकीतून सोयाबीनच्या मळणीनंतरच्या कुटाराचा वास येत होता, आणि त्याच्या गुडघ्यावर रायफल होती. तो सुट्टीवर आला होता. मावशीकडे किन्हीराजाला जाऊन दोन दिवस नुसतं झोपायचं, एवढाच त्याचा बेत होता.

"कुठं नेऊन राह्यल्या हे सगळं?"

"आता घरी. गुरुवारी दिल्लीले. विमानानं." मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "निवड चाचणी हाय. मांगच्या साली गाडी लेट झाली, मी पोचलोच नाही. बापू म्हन्ते, यंदा शेवटचं. मंग पेटी माळ्यावर."

"आन हा डबा विमानात...?"

"हातातच ठेवीन. सामानात टाकला तर शेवया मोडतीन."

"मॅडम," लखन म्हणाला. हबकला की त्याच्या तोंडून आपोआप ड्यूटीची भाषा निघायची. "असं केलं तर तुम्ही दिल्लीला नाही, पोलीस ठाण्यात पोहोचाल."

"तुमाले काहून येवढी काळजी?"

"मी... त्याच काउंटरवर असतो."

तेव्हा तिने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पाहताना तिचा डावा डोळा किंचित बारीक झाला. आपल्यावर कोणीतरी नेम धरतंय, हे लखनला कळत होतं. अशा वेळी शहाणा माणूस बाजूला होतो. लखन होता तिथेच बसून राहिला, वर श्वासही धरून ठेवला.

"मी योगिनी," ती म्हणाली. "किन्हीराजाले उकंडरावाचं घर विचारा. संध्याकाळी या आन पेटी कशी भरायची ते दाखवा."

संध्याकाळी लखन गेला. त्याच्यासोबत मावशीही गेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण भाचा भांग पाडून निघालेला तिने पाहिला होता, आणि तेवढं निमंत्रण तिला पुरेसं होतं.

योगिनीचे वडील उकंडराव अंगणात खाटेवर बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर बारा बोरची जुनी बंदूक टांगलेली होती. तुरीत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी, रीतसर परवान्याची. त्यांनी लखनला पायापासून वरपर्यंत पाहिलं आणि "हूं" म्हणाले. रानडुकराला ते काय म्हणत असतील, असं लखनच्या मनात आलं.

"इथंच विमानतळ करू," लखन म्हणाला. सोयाबीनच्या दोन पोत्यांचं काउंटर झालं. खाट हवी होती, सामानाचा पट्टा म्हणून. उकंडराव उठायला तयार नव्हते, तेव्हा ते पट्ट्याच्या एका टोकाला तसेच बसून राहिले. योगिनीच्या आईने, रंगूबाईने, हात पुसले आणि ती विमानतळ पाहायला दारात येऊन उभी राहिली.

लखनने घसा साफ केला. "नमस्कार मॅडम. आज कुठे चाललात?"

"किती गोड बोलून राह्यला," मावशी म्हणाली. "घरी तं मुक्यावानी असते."

"दिल्लीले," योगिनी म्हणाली.

"सामानात हत्यार आहे?"

"हाये."

"भरलेलं आहे?"

"नाही. बोल्ट काढून ठेवला."

"गोळ्या?"

"त्याइच्या सोताच्या डब्यात, येगळ्या. शेवया घरीच ठेवल्या."

"छान."

"काय छान? शेवया का मी?" तिने विचारलं. चेहरा असा, जणू हा प्रश्नही नियमात आहे.

रंगूबाईला खोकला आला. "दोन्ही," असा एक आवाज लखनने ऐकला... आणि तो आपलाच आहे हे कळल्यावर तो पोत्याला धरून उभा राहिला. पट्ट्याचं उकंडरावांकडचं टोक करकरलं.

"पुढचं इचारा," ती म्हणाली. तिच्या गालाला किंचित खळी पडली आणि लगेच मिटली.

"सामान... तुम्ही स्वतःच भरलं ना? दुसऱ्या कोणी काही दिलेलं नाही?"

"मीच भरलं."

"मग उघडून दाखवा."

"इस्वास नाही का माह्यावर?"

"तुमच्यावर हाय," लखन म्हणाला. "घरच्यायवर नाही."

आणि खरंच, कपड्यांच्या बॅगेत अगदी वर हिरव्या खणाची एक पुरचुंडी निघाली. योगिनीने आईकडे पाहिलं.

"लेक येवढ्या दूर चालली," रंगूबाई म्हणाली. "ओटी नको का?"

लखनने पुरचुंडी सोडली. तांदूळ, सुपारी, हळकुंड, खोबऱ्याची वाटी. "काकू, खोबरं काढा. विमानात चालत नाही. पेट घेते म्हन्तेत."

"बंदूक चालते?" रंगूबाईने विचारलं.

"चालते."

"गोळ्या?"

"परवान्यात बसन तेवढ्या चालतात."

"आन खोबरं नाही?"

"नाही."

रंगूबाई उंबऱ्यावर बसली. सरकारबद्दल तिचं मत तसं बरं होतं. ते त्या संध्याकाळी गेलं.

लखनने तांदळातून बोटं फिरवली, सवयीने. तांदळाच्या तळाशी काहीतरी कडक लागलं. त्याने ते वर काढलं. लाल नळी, पितळी बूड. बारा बोरचं काडतूस होतं ते, न उडवलेलं.

कोणी हसलं नाही. मावशीसुद्धा.

"हे माह्यं नाही," योगिनी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"माहीत हाय," लखन म्हणाला. "हे तुमच्या परवान्यावर नाही. नागपूरले मशीनमधून गेलं असतं, तर तिथंच केस झाली असती. रायफल जप्त. चाचणी तं सोडाच, परवान्यावरच पानी फिरलं असतं."

"म्या ठेवलं," उकंडराव म्हणाले.

सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं. उकंडराव जमिनीकडे पाहत होते.

"दसऱ्याले बंदुकीसंग पुजलं होतं. माह्या बापानं मले पयल्यांदा एकट्याले वावरात रातच्या जागलीले धाडलं, तवा पुजेचंच एक खिशात टाकलं होतं. आमच्यात असंच देतेत." ते थांबले. "मले ओवाळता येत नाही. बोलता बी येत नाही. म्हनलं... हे जाईन तिच्यासंग."

यंदा शेवटचं, म्हणणारा माणूस हाच. योगिनीने लखनच्या हातातून काडतूस घेतलं, बापाच्या तळव्यावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"बापू, तोंडानं म्हना न. तोंडाचं वजन करत नाहीत इमानवाले."

उकंडरावांच्या मिशा हलल्या. "जा. नीट मार. आन... पुढच्या साली बी जा."

ती खाली बसली आणि तिने कपाळ त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. लखन पोत्यांकडे बघू लागला. सोयाबीन इतकं बघण्यासारखं असतं, हे त्याला आजच कळलं.

जाताना ती फाटकापर्यंत आली. हवेत थंडी उतरत होती. बोलायचं बरंच होतं. लखनने मनाशी दोन वाक्यं जुळवली, आणि दोन्ही गुरुवारसाठी जपून ठेवली.

"गुरुवारी मी काउंटरवर असीन," तो एवढंच म्हणाला.

"मले पाहून हसू नका तिथं. मले हसू आलं की हात हालते."

"किती येळ?"

तिने थोडा विचार केला. "तुमी हसले तं... दिल्लीपर्यंत."

गुरुवारी लखन गणवेशात उभा होता आणि हसत नव्हता. ती काळी पेटी घेऊन समोर आली. काचेच्या दाराबाहेर उकंडराव दोन्ही हात मागे बांधून उभे होते. लखनने पेटीला हात लावला, तेवढ्यात बाजूच्या अधिकारी बाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून विचारलं, "ओळखीच्या आहेत का?"

नाही म्हटलं असतं, तर सगळं त्याच्याच हातून सुरळीत पार पडलं असतं. हो म्हटलं, तर नियमाप्रमाणे पेटी दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होती. आणि तो दुसरा कसा निघेल, हे लखन छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हता. पण तिच्या कागदांवर आपल्या खोट्याचा डाग नको, असं त्याला वाटलं.

"हो," तो म्हणाला.

"कोण लागतात?"

"त्या... म्हणजे अजून..."

"अजून कोनी नाही," योगिनी म्हणाली. "रविवारी याइची आई येऊन राह्यली आमच्या घरी. मंग सांगतो."

लखनच्या हातातला टॅगांचा गठ्ठा खाली पडला. "माह्यी आई?"

"तुमच्या मावशीनं काल फोन केला. बापू 'हूं' म्हनले. बापूचं 'हूं' म्हंजे लय झालं."

"आन मी?"

"तुमाले इचाराचं राह्यलं."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "लखन, बाजूला व्हा."

लखन बाजूला झाला. दुसऱ्या मुलाने तेच प्रश्न विचारले, तिने तीच उत्तरं दिली. बोल्ट वेगळा, गोळ्या वेगळ्या, कागद पुढे. बॅग तळापर्यंत तपासली गेली. तिच्या एकेका उत्तराबरोबर लखनचे ओठ हलत होते. शेवटी पेटीवर टॅग लागला, दोघं जण ती उचलून आत घेऊन गेले, आणि योगिनीने इतका वेळ धरलेला श्वास सोडला.

मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात फक्त बोर्डिंग पास.

"आता इचारतो. चालन का तुमाले?"

मागे रांग खोळंबली होती. लखनने दोन दिवस जपून ठेवलेली दोन्ही वाक्यं शोधली. एकही सापडलं नाही.

"हो," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि सुरक्षा तपासणीकडे निघाली. वळणावर तिने तोंडावर हात धरला. पण खांदे हलताना दिसलेच. लखन काउंटरवर परतला.

"साहेब, खिडकीची सीट भेटन का?" रांगेतल्या पुढच्या माणसाने विचारलं.

"हो," लखन म्हणाला.

त्या सकाळी तो कोणालाच नाही म्हणू शकला नाही. रांगेतल्या प्रत्येकाला त्याने खिडकीचीच सीट कबूल केली, आणि विमानाला तेवढ्या खिडक्या नव्हत्या.