बोंबलाचा वारा

ये, बस. चहात आलं ठेचून घातलंय, घे. पाचूबंदरच्या आत्मारामची गोष्ट सांगतो. खोटी वाटंल, वाटू दे. मधी उठू नको.

आत्माराम हवामान खात्यात फुगे सोडायचा. फुगा जाईल तिकडं वारा. एकदा त्याला वाळवंटात धाडला. निघताना बायकोच्या, हंसाच्या कानात म्हनाला, "बॉम्बच्या कामाला चाललोय. कुठं बोलू नको." हंसाने ऐकलं बोंबलाच्या! तिला पटलंच, येवढं ऊन, वाळवायलाच नेत असतील. नमुना म्हनून सुक्या बोंबलांची पुडी दिली आनि बंदरभर सांगत सुटली. गुपित तेवढं सुखरूप राहिलं.

तिथं साहेबाचं एकच, बॉम्ब फुटंल तेव्हा वारा गावांकडे नको. पन तंबूत पुडीचा वास सुटला. साहेब नाक दाबून ओरडला, "ये बदबू उडाओ!" आत्मारामने हुकूम पाळला. पुडी फुग्याला बांधली, जाळ्याची गाठ मारली, दिला सोडून. मग जमीन हलली. फुगा काय परत दिसला नाही. बॉम्बचं पुढं पेपरात आलं, तेव्हा कुठं हंसाला खरं कळलं.

आता एवढ्या वर्षांनी पोरीचा, संजनाचा साखरपुडा. पोराकडचे माणिकपूरचे, माळकरी. आनि मांडवाशेजारी बोंबील वाळत.

हंसा कमरेला पदर खोचून म्हनाली, "बॉम्बचा वारा बगत होतात ना? आता माझ्या बोंबलाचा बगा! वास मांडवात गेला तर पोरीचं मोडलं समजा."

आत्मारामने बाजारातला फुगा फुगवला. सोडनार, तर वारा पडला. माडाची झावळी हलेना.

वरून एक पांढरा फुगा उतरला. सरळ. कोनी दोरीने सोडावा तसा.

खाली पुडी. गाठ त्याचीच.

"अवो, माझ्याच लुगड्याचं फडकं ते!" हंसा म्हनाली. "सोडा की."

त्याने गाठ सोडली.

बोंबील ओले होते. पानी टपकत होतं.

पाहुने आले. कोनी नाक मुरडलं नाही. व्याही खूश, "वासच नाही हो!" हंसाने देवाला हात जोडले.

आत्मारामने मोगऱ्याचा गजरा हुंगला. उदबत्ती हुंगली. मग संजनाला जवळ घेऊन तिचं डोकं हुंगलं, लहानपनी हुंगायचा तसं.

काही नाही.

लग्न ठरलं. पन त्या आळीत अजून कशाला वास नाही. हंसा बाजारात बोंब मारते, बिनवासाचा बोंबील कोन घेनार!

काल मी तिकडं जाऊन आलो. आन् हे आपलं दार उघडंच हाय, वारा आत येतोय.

तुझा तो कप जरा नाकाशी धर. आल्याचा वास येतो का, सांग मला.