टॉवरवरचा उतरत नव्हता

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या नणंदेच्या बाबतीत घडलंय, आणि निम्मं तर माझ्यादेखत.

रात्रबित्र नव्हती. भर दुपारी, आमच्या बुलाग गावाबाहेरच्या सबस्टेशनमध्ये. नव्या वर्षाचे पाहुणे नुकतेच परतले होते आणि गोबीच्या वाळवंटाकडचा वारा नुसता हाडं फोडत होता.

माझी नणंद देल्गेरमा तिथली प्रमुख. देशभर वीज वाहून नेणाऱ्या सरकारी कंपनीत तिची सगळी उमर गेली.

त्या दिवशी वादळानं तार तुटली. गावात सकाळपासून वीज नाही.

आणि घरी माझ्या सासूबाई श्वासाच्या मशीनवर! मशीन बंद, म्हणून सिलिंडर लावलेला. तोही संपत आलेला. मी त्यांच्या उशाशी बसून देल्गेरमाला फोनवर फोन करत होते.

दुपारी तार जोडून झाली. टॉवरवर चढलेली माणसं खाली आली.

त्यांच्यात एक पद्धत आहे. टॉवरवर चढणारा प्रत्येक जण स्विचच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावून जातो. उतरला की स्वतःच्याच हातानं काढतो. कुलूप लटकतंय, म्हणजे माणूस वर आहे; तोवर दांडा ओढता येत नाही.

सगळ्यांनी आपापली कुलपं काढली.

एक उरलं...

"कुणाचं रे हे?"

"माझं नाही, ताई. माझं हे बघा, खिशात."

"माझंही नाही."

"मग काय आभाळातून पडलं?" देल्गेरमा खेकसली. सगळी टोळी तर तिच्यासमोर उभी राहून चहा ढोसत होती. वर कुणीच नव्हतं.

राजधानीतल्या मुख्य कचेरीतून फोन आला. "बाई, लाइन चालू का नाही?"

"साहेब, एक कुलूप जास्त आहे."

"मग कापा की!"

"कापायला मोठ्या साहेबांची परवानगी लागते."

"ते जेवायला गेलेत. थांबा."

थांबा! इकडे आई गुदमरतेय आणि म्हणे थांबा. तिनं फोन आपटला आणि कटर मागवला.

"नको, पोरी," टोळीतले सगळ्यात जुने पुरेवकाका म्हणाले. "दुसऱ्याचं कुलूप तोडू नये."

तिनं तोडलं. दांडा ओढला. दिवे लागले...

फट्!

लाइन ट्रिप झाली. पुन्हा ओढला. पुन्हा फट्. वर तारेला कुणीतरी चिकटून असावं, तसं.

"नीट तपासलं होतंत ना रे, गाढवांनो?"

"आईशप्पथ, ताई!"

तेवढ्यात टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला...

"ताई... मी वर आहे अजून."

आवाज कुणाच्याच ओळखीचा नव्हता. टोळीतल्या सगळ्यांचे वॉकीटॉकी टेबलावरच पडले होते. पोरांच्या हातातले चहाचे वाडगे तसेच राहिले.

देल्गेरमा सांगते, भीती नंतर वाटली. आधी डोकंच फिरलं. कारण त्याच क्षणी माझा फोन गेला होता, "वन्सं, सिलिंडरचा काटा तळाला टेकला."

तिनं वॉकीटॉकी हिसकावला. "अरे मग उतर ना मेल्या! माझी आई मरतेय तिकडं! उतर एकदाचा! वाटल्यास घरी चल माझ्या, गरम चहा देते, पण उतर!"

पुरेवकाकांनी तिचा हात धरला. "घरी कशाला बोलावलंस गं त्याला?"

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला...

मग, "उतरतोय."

लोखंडी पायऱ्यांवर बूट. ठण्... ठण्... ठण्...

मग अंगणातला बर्फ कुरकुरला. दाराबाहेर कुणीतरी पाय आपटून बूट झटकले. दार उघडलं नाही. खिडकीतून बघायची कुणाची छाती झाली नाही.

"झालं का?" तिनं वॉकीटॉकीवर विचारलं.

"झालं, ताई."

तिनं दांडा ओढला. या वेळी लाइन टिकली.

इकडे मशीन घरघरलं. सासूबाईंच्या ओठांवर रंग आला आणि मी ओक्साबोक्शी रडले.

संध्याकाळी देल्गेरमा घरी आली. चेहरा पांढराफटक. घडलेलं सगळं तिनं तेव्हाच मला सांगितलं. सासूबाई मात्र तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर दाराकडे होती.

"अगं, त्या पोराला आत घे ना. उंबऱ्यावर किती वेळ उभं करायचं?"

आम्ही वळून पाहिलं. कुणी नव्हतं. फक्त उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बर्फ पडला होता. शेगडी लालबुंद पेटलेली, तरी तो वितळत नव्हता...

याला आता वर्ष होईल. देल्गेरमा रोज चहाचा एक वाडगा दारापाशी ठेवते. सकाळी त्याचा गोठून दगड झालेला असतो. मला वैताग आलाय! किती दिवस हे सांभाळायचं? लामांना बोलावून एकदा त्याला वाटेला लावू, म्हणून मी हट्टच धरला.

सासूबाईंनी नाकावरची नळी घट्ट धरली.

"घालवशील गं," त्या म्हणाल्या. "पण इथून निघाला आणि परत वर जाऊन बसला, तर?"